गोचिडीचा पोशिंदा कोण?

गेल्या नोव्हेंबरमध्ये एका सकाळी आमच्या इमारतीतले काका काडेपेटी घेऊन दारात उभे राहिले. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून फिरून आल्यावर पाय धुताना पोटरीला काहीतरी खरखरीत लागले म्हणून त्यांनी वाकून पाहिले, तर कातडीत रुतलेला तिळाएवढा तपकिरी ठिपका दिसला. तो नखांनी ओढून काडेपेटीत घालून ते तडक माझ्याकडे आले होते. मी जनावरांची डॉक्टर असल्यामुळे शेजाऱ्यांच्या अशा शंका माझ्याकडेच येतात. "अगं, ही मोरांमुळे आली का? टेकडीवर मोर फार वाढलेत," असे त्यांनी विचारले आणि मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "आणि त्या माकडतापाचं काय?"

दवाखान्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली मी ती गोचीड पाहिली. ती प्रौढ नव्हती, निम्फ अवस्थेतली होती, आणि तोंडाजवळच्या दोन्ही स्पर्शिकांचा एक भाग बाजूला टोकदार बाहेर आलेला होता, म्हणजे ती हिमाफायसॅलिस या प्रजातीतली होती. माकडताप हा माकडांना आणि माणसांना गोचिडीमुळे होणारा ताप, आणि त्याचा विषाणू वाहून नेणारी मुख्य गोचीड, हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा, याच प्रजातीतली आहे. परंतु या प्रजातीत कितीतरी जाती आहेत, आणि गोचीड असणे म्हणजे तिच्या पोटात विषाणू असणे नव्हे. काकांना तेवढ्याने दिलासा मिळाला, पण त्यांचा पहिला प्रश्न माझ्या मनात राहिला, कारण तो अगदी योग्य होता. टेकडीवर किंवा जंगलात कोणते प्राणी किती आहेत, यावर तिथल्या गोचिडी किती असतील आणि त्यांच्यापासून माणसाला किती धोका असेल, हे खरोखरच अवलंबून असते. फक्त ते जसे वरवर वाटते तसे अवलंबून नसते.

गोचीड हा कीटक नाही. तिचे नाते कोळ्याशी आणि विंचवाशी आहे. अंड्यातून बाहेर येते ती सहा पायांची लार्व्हा, तिच्यापासून आठ पायांची निम्फ होते आणि निम्फपासून प्रौढ गोचीड. या प्रत्येक अवस्थेत ती एकदाच पोटभर रक्त पिते, जमिनीवर गळून पडते, कात टाकते आणि पुढच्या अवस्थेत नवा प्राणी शोधते. त्यामुळे रानातल्या बहुतेक गोचिडी आयुष्यभरात फक्त तीन प्राण्यांचे रक्त पितात आणि उरलेले सगळे आयुष्य पालापाचोळ्यात, मातीच्या ओलाव्यात किंवा गवताच्या पात्यावर पुढचे पाय पसरून वाट पाहण्यात काढतात. त्या पुढच्या पायांवर एक सूक्ष्म अवयव असतो, आणि जवळून जाणाऱ्या प्राण्याच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि त्याच्या अंगाची ऊब गोचिडीला त्याच्यामुळे कळते. लार्व्हा आणि निम्फ जमिनीलगत असतात, म्हणून त्यांच्या वाट्याला उंदीर, चिचुंद्री, खार, ससा आणि जमिनीवर चरणारे पक्षी अधिक येतात. प्रौढ गोचीड गवतावर उंच चढते आणि तिला गाय, म्हैस, गवा, सांबर असे मोठे जनावर लागते. पोटभर रक्त प्यालेली मादी हजारोंनी अंडी घालते आणि मरते. इतक्या अंड्यांमधून पुढच्या पिढीपर्यंत सरासरी दोनच पोहोचल्या तरी गोचिडींची संख्या तेवढीच राहते, आणि दोनाऐवजी चार पोहोचल्या तर ती दुप्पट होते. त्यामुळे तीनपैकी एका अवस्थेचे जेवण जरी सोपे झाले, तरी त्याचा परिणाम एक-दोन हंगामांत त्या रानात दिसू लागतो.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात, आणि माझ्या अनुभवात शिकलेली माणसेसुद्धा त्या एकत्र करतात. एखादा प्राणी गोचिडीला पोसतो, हे एक. आणि एखादा प्राणी गोचिडीला रोगजंतू देतो, हे दुसरे. पहिल्याला मी पोशिंदा म्हणते. दुसऱ्याच्या रक्तात जंतू इतक्या प्रमाणात वाढतात, की त्याला चावणारी निरोगी गोचीडही बाधित होते. एकच प्राणी दोन्ही कामे करील असे नाही. पुष्कळदा ती दोन वेगवेगळ्या प्राण्यांकडे असतात.

याचे सर्वांत जास्त अभ्यासलेले उदाहरण अमेरिकेतल्या लाइम रोगाचे आहे. कनेक्टिकट राज्यातल्या लाइम गावाच्या परिसरात १९७० च्या दशकात मुलांच्या सांधेदुखीच्या साथीवरून हा रोग लक्षात आला. तिथल्या प्रौढ गोचिडी पांढऱ्या शेपटीच्या हरणांवर पोसल्या जातात, पण हरणाच्या रक्तातून गोचिडीला या रोगाचा जंतू मिळत नाही. तो मिळतो प्रामुख्याने पांढऱ्या पायांच्या एका छोट्या उंदराकडून, लार्व्हा त्याच्या अंगावर बसते तेव्हा. गोचिडीच्या अंड्यांतून हा जंतू पुढच्या पिढीत जात नाही, म्हणून प्रत्येक लार्व्हा जन्मतः निर्दोष असते आणि तिचे पहिले जेवण कोणाकडे होते यावर पुढचे सगळे ठरते. म्हणजे हरीण गोचिडींची संख्या वाढवते आणि उंदीर त्यांना बाधित करतो. मेन राज्यातल्या मोनहेगन या छोट्याशा बेटावरची सगळी हरणे १९९० च्या दशकाच्या अखेरीस काढून टाकण्यात आली, तेव्हा तिथल्या गोचिडी पुढच्या काही वर्षांत जवळजवळ नाहीशा झाल्या. मात्र बेटावर जे साधले ते मुख्य भूमीवर साधत नाही, कारण एक हरीण एका हंगामात पुष्कळ माद्या पोसू शकते. हरणे निम्मी केली म्हणून गोचिडी निम्म्या होत नाहीत.

पण मला अधिक जवळची वाटते ती माकडतापाची कथा, कारण तिचा मोठा भाग पुण्यात घडला आहे. पुणे स्टेशनजवळच्या आंबेडकर रस्त्यावर आज जी राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, ती १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू केली. आजचे नाव तिला १९७८ मध्ये मिळाले. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाच्या भोवती माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांत माणसांना तीव्र तापाने ग्रासले. माकडे आणि माणसे एकाच वेळी आजारी पडत आहेत, हे ऐकताच आशिया खंडात कधीच न आलेला पीतज्वर आता आला की काय, अशी भीती तज्ज्ञांना वाटली. टेलफोर्ड वर्क यांच्या नेतृत्वाखाली पुण्याची माणसे तिथे गेली, आणि जो विषाणू हाती लागला तो पीतज्वराचा नव्हता. त्याचे जवळचे नातेवाईक रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराचे आणि ओम्स्कच्या रक्तस्रावी तापाचे विषाणू होते. रशियातला विषाणू मलनाडच्या, म्हणजे कर्नाटकातल्या या डोंगराळ भागाच्या, जंगलात पोहोचला कसा, हा प्रश्न तेव्हा इतका गंभीरपणे घेतला गेला की स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांनी गोचिडी वाहून आणल्या का हे तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सलीम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांच्या पक्ष्यांना कडी घालण्याच्या कामाला साहाय्य केले. पक्ष्यांवरचा तो संशय काही सिद्ध झाला नाही, पण भारतातल्या पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासाला त्यातून मोठी चालना मिळाली.

त्या जंगलात कोणता प्राणी काय करतो, हे उलगडायला पुढची अनेक वर्षे लागली. उंदीर, चिचुंद्र्या, खारी, साळिंदर आणि जमिनीवर वावरणारे पक्षी लहान गोचिडींना पोसतात, आणि त्यांतल्या काही सस्तन प्राण्यांमध्ये विषाणू शांतपणे फिरत राहतो. वानर आणि टोपी माकड यांच्या अंगावर लार्व्हा आणि निम्फ मोठ्या संख्येने बसतात, आणि या माकडांच्या रक्तात विषाणू भरमसाट वाढतो. माकड अशक्त होऊन जमिनीवर येते आणि मरते, तेव्हा त्याच्या अंगावरच्या बाधित गोचिडी त्याच जागी गळून पडतात, आणि तेवढा जमिनीचा तुकडा पुढच्या काळात अतिशय धोक्याचा होतो. म्हणून मेलेले माकड दिसले की ताबडतोब कळवणे आणि त्या जागेभोवती कीटकनाशक मारणे, हा या रोगाच्या बंदोबस्तातला पहिला उपाय आहे. माणसाला बहुधा निम्फ चावते. माणसाकडून हा रोग पुढे दुसऱ्या माणसाकडे जात नाही. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत निम्फ अवस्थेतल्या गोचिडी जास्त असतात, आणि रोगाचा हंगामही तोच असतो. लागण झालेल्यांपैकी शंभरात तीन ते पाच माणसे दगावतात.

या चित्रात गाय कुठे आहे? पुण्याच्या केंद्रात काम केलेल्या होर्हे बोशेल यांनी १९६९ मध्ये या रोगाच्या परिस्थितिविज्ञानाविषयी जे लिहिले, त्यात गाईला मध्यवर्ती जागा आहे, आणि पशुवैद्य म्हणून मला ते आजही फार मोलाचे वाटते. गाईच्या रक्तात हा विषाणू पुरेसा वाढत नाही. गाय आजारी पडत नाही आणि गोचिडीला बाधितही करत नाही. पण प्रौढ हिमाफायसॅलिसला लागणारे मोठे जनावर पूर्वी जंगलात विरळ होते, आणि शेतीसाठी जंगलात मोकळ्या जागा होऊन गावाची गुरे तिथे चरायला जाऊ लागल्यावर ते दररोज, शेकड्यांनी उपलब्ध झाले. पहिल्या पावसानंतर जागी झालेली प्रौढ मादी गाईवर पोसली जाते, अंडी जंगलाच्या कडेला घालते, आणि हिवाळ्यात तिथेच, जिथे माणसे लाकूडफाटा गोळा करायला येतात, लार्व्हा आणि निम्फ यांचे थवे तयार होतात. विषाणू जंगलात आधीपासून होता असे मानले, तर साथ उद्भवली ती गुरे आणि कुऱ्हाड यांनी मिळून गोचिडींची संख्या आणि माणसांची वर्दळ एकाच पट्ट्यात आणून ठेवल्यामुळे. माकड या सगळ्यात सर्वांत जास्त भोगणारा प्राणी आहे. तरीही माकडताप हे नाव ऐकले की लोकांचा राग माकडावर जातो, आणि नावाने केलेला हा अन्याय मला खरोखर सलतो.

महाराष्ट्रात हा रोग २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आढळला, आणि त्याही वेळी नमुन्यांची तपासणी पुण्याच्या संस्थेत झाली. काजूच्या बागा तिथे जंगलाला लागून आहेत, आणि काजू गोळा करण्याचे दिवस नेमके निम्फच्या हंगामात येतात. पाचोळ्यात वाकून काम करणारी माणसे आणि पाचोळ्यात वाट पाहणारी निम्फ यांची भेट तिथे वर्षातून एकदा ठरलेली आहे. म्हणूनच पूर्ण अंग झाकणारे कपडे, अंगाला लावायचे गोचीडरोधक तेल आणि संध्याकाळी घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, हे तिथल्या कामगारासाठी आरोग्य खात्याच्या पत्रकातले नुसते शब्द राहू नयेत, असे मला वाटते.

प्राण्यांची संख्या बदलली की गोचीडजन्य रोग कसा उसळी घेतो याचे एक जुने उदाहरण क्रिमियातले आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथली शेती ओसाड पडली, शिकार थांबली, ससे बेसुमार वाढले आणि सशांवर पोसणाऱ्या हायलोमा गोचिडीही वाढल्या. १९४४ मध्ये सोव्हिएत सैनिक त्या शेतांत आले तेव्हा त्यांच्यात रक्तस्रावी तापाची साथ पसरली. आज क्रिमियन-काँगो ताप म्हणतात तो हाच. २०११ मध्ये गुजरातेत अहमदाबादजवळ तो निघाला तेव्हा त्याचेही निदान पुण्यातच झाले.

प्राण्यांची विविधता जपली तर रोग आपोआप विरळ होतो, असा एक सिद्धांत गेल्या पंचवीसेक वर्षांत बराच चर्चेत आहे. त्याचा गाभा असा की, रानात नाना प्रकारचे प्राणी असले तर बऱ्याच लार्व्हांचे पहिले जेवण अशा प्राण्यावर होते जो त्यांना जंतू देत नाही, आणि तेवढ्या प्रमाणात बाधित गोचिडी कमी होतात. उलट तुकडे पडलेल्या रानात मोठे प्राणी नाहीसे होतात आणि उंदीर तेवढे उरतात. मला हा विचार पटतो, पण तो मंत्रासारखा वापरणे मला मान्य नाही. ओपॉसम हा अमेरिकी प्राणी स्वतःला चाटून बहुतेक गोचिडी मारून टाकतो असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगावरून सगळीकडे सांगितले गेले; पुढे रानातल्या ओपॉसमांच्या पोटातले अन्न तपासले गेले तेव्हा त्यात गोचिडी सापडल्या नाहीत. कॅलिफोर्नियातल्या एका सरड्याच्या रक्तामुळे लाइमचे जंतू गोचिडीच्या पोटातच मरतात, म्हणून तो माणसाचा रक्षक मानला गेला; पण काही जागांवरचे सरडे काढून पाहिले, तेव्हा तिथल्या निम्फची संख्याच घटली, कारण बहुतेक लार्व्हांना सरड्याऐवजी दुसरा पोशिंदा मिळाला नाही. एकच सरडा जंतूंचा शत्रू होता आणि गोचिडींचा आधारही होता. कोणता प्राणी चांगला आणि कोणता वाईट, अशी यादी करणे या विषयात का चालत नाही, ते यावरून कळावे.

शिकारी प्राण्यांविषयीचा एक अभ्यास मात्र मी आमच्या सोसायटीच्या सभेतही सांगितला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या या संशोधनात असे दिसले की जिथे लाल कोल्हा आणि मार्टन हा लहान शिकारी प्राणी यांची वर्दळ जास्त, तिथे उंदरांच्या अंगावर लार्व्हा कमी आणि रानात बाधित निम्फही कमी. तिथे उंदीर संख्येने फार कमी झाले नव्हते. भीतीमुळे त्यांचे हिंडणे कमी झाले असावे, आणि कमी हिंडणारा उंदीर कमी लार्व्हा गोळा करतो. सभेत हे सांगण्याचे कारण असे होते की काकांच्या काडेपेटीची बातमी इमारतभर पसरली होती, आणि गच्चीवर येणारे उदमांजर पकडून न्यावे, कुंपणाशी दिसणाऱ्या मुंगसांचा बंदोबस्त करावा आणि टेकडीच्या बाजूची झुडपे सरसकट तोडून घ्यावीत, असा अर्ज तयार झाला होता. उदमांजर आणि मुंगूस या दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, हे सांगितल्यावर सभा थोडी शांत झाली. पण मला कायद्यापेक्षा कारण महत्त्वाचे वाटत होते: हे दोन्ही प्राणी उंदीर खातात, आणि उंदरांना धाकात ठेवणारे प्राणी हटवून आपण गोचिडींचा लहानपणीचा पोशिंदा निर्धास्त करून ठेवू.

मोरांविषयी काकांना मी खरे तेच सांगितले. मोर जमिनीवर हिंडणारा पक्षी आहे, त्यामुळे त्याच्या डोक्यावर आणि मानेवर लहान गोचिडी बसू शकतात. पण प्रौढ मादीला अंडी घालण्यासाठी जे मोठे जनावर लागते, ते मोर नव्हे. आमच्या टेकडीच्या पायथ्याशी ते काम करणारी जनावरे दोनच, चरायला येणारी गुरे आणि भटके कुत्रे. कुत्रे रात्री कचऱ्यापाशी असतात, दुपारी झुडपांच्या सावलीत, आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या पायांत. रान आणि वस्ती यांच्यामध्ये इतक्या वेळा ये-जा करणारा दुसरा प्राणी इथे नाही.

त्यातही कुत्र्याची तपकिरी गोचीड ही वेगळीच गोष्ट आहे. ती तिन्ही अवस्थांत कुत्र्यावरच पोसली जाते आणि अंडी भिंतीच्या भेगांत घालते, म्हणून तिला जंगल लागतच नाही. कुत्र्यांना एर्लिकिया आणि बेबेसिया यांचे ताप तिच्यामुळे होतात, आणि माणसाला होणाऱ्या इंडियन टिक टायफस या तापाचे जंतूही ती वाहू शकते. टायफसच्या या जंतूंचे वैशिष्ट्य असे की ते गोचिडीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जातात. म्हणजे जंतूंचा साठा गोचीड स्वतःच असते, आणि तिला नुसते पोसणारे जनावर वाढले तरी धोका वाढतो. ताप, डोकेदुखी आणि तळहात-तळपायांपर्यंत उठणारे पुरळ अशी लक्षणे असतील, तर गोचीड चावल्याचे किंवा टेकडीवर गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. डॉक्सिसायक्लिनने हा आजार आटोक्यात येतो, पण त्याची शंका वेळेवर यावी लागते.

मुळशीकडच्या गोठ्यांवर मी महिन्यातून एक-दोनदा जाते, तिथेही हाच गैरसमज भेटतो. संकरित गाय गोचीडतापाने आडवी झाली की शेतकरी रानडुकरांना आणि भेकरांना दोष देतो. वास्तविक थायलेरियाचा हा जंतू वाहणारी हायलोमा गोचीड गोठ्याच्या दगडी भिंतीत, गव्हाणीच्या फटीत राहते, आणि पूर्वी आजारातून उठलेली, वरून धडधाकट दिसणारी गाय हीच तिला जंतू देते. ज्यांनी भिंती लिंपून घेतल्या आणि गोठ्यात गोचिडी टिपणाऱ्या कोंबड्या मोकळ्या ठेवल्या, त्यांच्याकडून मला बोलावणे कमी येते.

सोसायटीचा अर्ज शेवटी बदलला. झुडपे सरसकट तोडण्याऐवजी पायवाटेच्या दोन्ही बाजूंचे गवत तेवढे कापावे आणि टेकडीच्या वाटेवरचा उघडा कचरा रोज उचलला जावा, एवढेच त्यात राहिले. काकांना मी गोचीड काढण्याची पद्धत दाखवली: चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, रॉकेल किंवा तंबाखू लावत बसायचे नाही, आणि नखावर चिरडायची नाही. त्यांना ताप आला नाही. त्यांनी मात्र एक वही केली आहे, आणि कोणत्या तारखेला, कुठल्या वाटेवर, कपड्यांवर किती गोचिडी दिसल्या हे ते त्यात लिहितात.

फेब्रुवारीत ते दुसरी काडेपेटी घेऊन आले. या वेळी गोचीड तोंडासकट अखंड निघाली होती, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याआधीच मी ओळखली: कुत्र्याची तपकिरी गोचीड, तीही प्रौढ. काका त्या आठवड्यात टेकडीवर गेलेच नव्हते. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक कुत्री पिल्लांसह राहते, आणि काका तिला रोज दूधपोळी घालतात. संध्याकाळी आम्ही दोघांनी तिला पोळीत घालून गोचिडीची गोळी दिली, आणि दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावून जिन्याखालच्या भेगा सिमेंटने बुजवून घेतल्या. त्यातल्या एका भेगेत, विटेच्या मागे, अंड्यांचा राजगिऱ्यासारखा पुंजका होता.